मुक्या खांबाच्या अक्का

अक्कांच्या हातात आपलं विणकाम दिलं की ते परत मिळायचं दोऱ्याचा गोळा होऊन. त्या रागवायच्या नाहीत, चुकलंय असंही म्हणायच्या नाहीत. विणणारीला शेजारी बसवून घ्यायच्या, तिच्या आईचे गुडघे कसे आहेत ते विचारायच्या, जावयाची बदली झाली का ते विचारायच्या, यंदा अवरेकाळूच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगा किती महाग झाल्यात म्हणून सुस्कारा सोडायच्या. हे चालू असताना त्यांची बोटं दोऱ्याचं टोक शोधून सर्रकन ओढायला लागलेली असायची, आपण गप्पा मारता मारता शेंगा सोलतो ना, तशी. चौकशी संपेपर्यंत आठवडाभराचा रुमाल नाहीसा झालेला असायचा. मग तो गोळा तिच्या मांडीवर ठेवून अक्का प्रेमानं म्हणायच्या, "आता घाल बघू नीट."

त्यामुळं गल्लीतल्या बायका अक्कांच्या दारावरून जाताना विणकाम पदराखाली लपवून न्यायच्या. मला पदर नव्हता. माझी पहिल्या दोन महिन्यांची एकूण कमाई म्हणजे बदामी रंगाचा तोच एक गोळा.

होय, मी क्रोशा शिकत होतो. वय सदुसष्ट, पांढऱ्या भरघोस मिशा, रेल्वेतून अधिकारी म्हणून निवृत्त, एकेकाळी ज्याच्या सहीवाचून मालगाडी हलत नसे असा मी. (गाड्या माझ्या सहीशिवायही हलत होत्या हे निवृत्तीनंतर कळलं.) मूळचा मिरजेचा, नोकरीनं म्हैसूरला आलो आणि बायकोला हे गाव आवडलं म्हणून इथंच घर बांधलं. तीन वर्षांपूर्वी ती गेली. मुलगा समीर गुरुग्रामला. मी आणि घर असे दोघंच उरलो, आणि दोघांचंही प्लास्टर अधूनमधून पडत होतं.

खरं प्लास्टर चढलं ते दसऱ्याला. बन्नीमंटपच्या मैदानावर मशालींची कवायत असते. पुढच्या माणसाचं डोकं आड येत होतं म्हणून मी प्लास्टिकच्या खुर्चीवर उभा राहिलो. इतकी वर्षं मी प्रवाशांना सांगत आलो होतो की फलाटाच्या कडेला उभं राहू नका, आणि स्वतः मात्र तीन पायांवर उभ्या असलेल्या खुर्चीवर चढलो. चौथ्या पायाला आधीपासूनच तडा गेला होता, असं मी अजूनही सगळ्यांना सांगतो. माझं वजन मात्र कुणी विचारू नये. उजवं मनगट मोडलं.

प्लास्टर निघालं तेव्हा हात माझा राहिला नव्हता. बोटं मिटायची नाहीत, मिटली तर उघडायची नाहीत. समीर आला, चार दिवस राहिला, आणि जाताना अगदी शांतपणे म्हणाला, "बाबा, गुढीपाडव्यापर्यंत बघू. स्वतःचं स्वतः करता आलं तर राहा इथं. नाही तर मी न्यायला येतो." तो वाईट बोलला नाही, म्हणूनच मला वाद घालता आला नाही. पण गुरुग्राममध्ये चौदाव्या मजल्यावर मी नुसता समीरचा बाबा असणार होतो. इथं बाजारातला केळीवाला मला लांबून बघून रसबाळे केळी बाजूला काढून ठेवतो. इथल्या बागेतल्या एका बाकावर मी आणि बायको रोज बसायचो, आणि त्या बाकावर मी अजूनही एका टोकालाच बसतो. मला जायचं नव्हतं. सगळं माझ्या पाच बोटांवर येऊन ठेपलं होतं आणि ती बोटं माझं ऐकत नव्हती.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे शर्टाचं बटण. सकाळी कामाला येणारी पुट्टम्मा माझी बटणं लावून जायची. ती आली नाही की मी शाल पांघरून फाटकात उभा राहायचो आणि ओळखीचा माणूस हेरायचो. टपालवाला, औषधाच्या दुकानातला म्हातारा, रिक्षावाला, सगळ्यांनी माझी बटणं लावली आहेत. एकदा गॅसचं सिलिंडर आणणाऱ्यानं लावली ती एक घर सोडून, आणि मी तसाच बँकेत जाऊन आलो.

हे सगळं अक्का शेजारच्या घरातून बघत होत्या. अक्कांचं घराणं शिंप्यांचं. त्यांचे पूर्वज विठ्ठलाचं नाव घेत म्हैसूरला कधी आले हे त्यांनाही माहीत नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान, ते त्यांचे धाकटे दीर तुकारामराव चालवायचे. दुकानाच्या बाजूच्या कट्ट्यावर अक्कांचं राज्य. त्यांचं मराठी असं, की क्रियापद तेवढं आपलं, बाकी कारभार कानडीचा. मला त्या 'रायरे' म्हणायच्या. इथं राव लोकांना आदरानं तसं म्हणतात. सुरुवातीला मला वाटायचं, आपल्या अधिकारीपणाचा मान ठेवतायत.

फिजिओथेरपीच्या मुलीनं मला एक पिवळा चेंडू दिला होता. तो दाबत मी अंगणात फेऱ्या मारत होतो.

"रायरे, काय करायलाय ते?" कट्ट्यावरून आवाज आला.

"व्यायाम."

"अय्यो, चेंडू दाबून काय येतंय? दिवसभर दाबला तरी चेंडू तो चेंडूच. हिकडं या. हितं दाबलं तर एक रुमाल तरी होतोय, अल्वा?"

मी हसलो आणि आत गेलो. दुसऱ्या दिवशी पुट्टम्मा आली नाही. मी शाल पांघरून फाटकात उभा राहिलो. अक्का उठल्या, माझ्यासमोर आल्या, खालपासून वरपर्यंत बटणं लावली आणि म्हणाल्या, "आता येताय का नाही?" मी मुकाट गेलो.

त्यांनी माझ्या हातात क्रोशाची सुई दिली ती जाडजूड. तिच्यावर आधी जुन्या साडीची पट्टी गुंडाळून तिची मूठ बनवली होती, म्हणजे मला धरता येईल. साखळी घालायला मला आठवडा लागला. मग त्यांनी मुका खांब शिकवला. सुई खालच्या घरात घालायची, दोरा पकडून वर आणायचा, सुईवर दोन फास होतात. पुन्हा दोरा घ्यायचा आणि दोन्ही फासांतून एकदम बाहेर काढायचा. झाला मुका खांब. वाचायला जेवढं सोपं वाटतं तेवढंच ते बघायलाही सोपं वाटतं. माझी सुई दोरा घेऊन फासाजवळ यायची आणि तिथंच अडायची. मी नेट लावला की दोरा दुभंगायचा, सुई निसटायची, आणि एकदा तर ती उडून थेट दुकानातल्या तुकारामरावांच्या चहात पडली. त्यांनी ती काढली, पुसली, परत दिली आणि कपडा कापायला लागले. ते मोजकंच बोलायचे.

"ओढू नका," अक्का सांगायच्या. "ओढलं की येत नाही, सोडलं की येतंय."

"पण सोडलं की सगळंच सुटतंय हो."

"स्वल्प सोडा म्हटलं. संसार सोडा नाही म्हटलं."

माझा पहिला तुकडा चौकोनी व्हायचा होता. मी प्रत्येक ओळीचा शेवटचा खांब न चुकता चुकवत गेलो, त्यामुळं तो वर निमुळता होत होत एका खांबावर येऊन संपला. मला वाटलं होतं की आता तोही उसवणार. मी मनाची तयारी करून तो पुढं केला. पण अक्कांनी तो उलटसुलट बघितला आणि कनवटीला खोचला. "हा आता तुमचा नाही," म्हणाल्या. "पहिलं पुरं झालेलं देवाचं."

त्यांच्याकडे तशी रीतच होती. घरात कुणीही शिवण, विणकाम, काहीही शिकलं की पुरा झालेला पहिला नग समाजाच्या विठ्ठलमंदिरात जायचा. मी हादरलो. म्हटलं, "अक्का, तो तिरका आहे. देवाला असला द्यायचा?" त्या म्हणाल्या, "चांगला तर सगळेच देतेत. त्याला काय तोटा? पहिला तोच ठेवून घेतोय." एकादशीला माझा त्रिकोण आरतीच्या तबकाखाली अंथरला गेला. भजनाला आलेल्या प्रत्येक बाईनं आधी देवाकडे बघितलं, मग तबकाकडे, मग माझ्याकडे. मी डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं, भाव दाटला.

भजनानंतर अक्कांनी पुजाऱ्यांकडून कोठीतली पेटी उघडून घेतली. आत पिढ्यांची पहिलीवहिली कामं. एकाच बाहीचं झबलं, तोंड शिवून टाकलेली पिशवी, कशाचं काय ते ओळखू न येणारं बरंच काही. एक काळपट झालेली वस्तू उचलून अक्का म्हणाल्या, "हे माझं." त्याला कोपरेच नव्हते. मी विचारलं, हे काय करायला घेतलं होतं? त्यांनी ते उजेडाकडे धरून बघितलं आणि म्हणाल्या, "आता त्यालाच ठाऊक." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे जमेल.

अक्कांना विणकाम वाचता यायचं. माझ्या पट्टीवरून बोट फिरवत त्या सांगायच्या, "हितं पाऊस बघत बसलावता. हितं क्रिकेट लागलंवतं." आणि एखाद्या ओळीशी बोट थांबवून हळूच म्हणायच्या, "हितं लेकाचा फोन आलता." खरंच तिथं टाके इतके आवळलेले असायचे की पट्टीला कंबर यायची. समीरनं फोनवर नेहमीचंच विचारलेलं असायचं, हात कसा आहे. मी नेहमीचंच सांगितलेलं असायचं, उत्तम. त्यानंतर मी विणायला बसायचो. त्यावर अक्कांचा उपाय एकच, त्या मला बोलायला लावायच्या. मिरजेच्या गाड्या, बायकोची भांडणं, साहेबाचा टोप, काहीही. मी बोलत सुटलो की बोटं ढिली पडायची आणि मुका खांब आपोआप उतरायला लागायचा. आयुष्यात माझं बोलणं कुणाच्या उपयोगी पडल्याचं हे एकमेव उदाहरण.

महिने गेले तसा मला कंटाळा यायला लागला. लांब खांब, जाळी, पाकळ्या, असलं सुंदर काम त्यांच्या हातून झरझर उतरायचं. मी विचारलं, "अक्का, दुसरा टाका कधी शिकवणार?"

"का? हा संपला काय?"

"तसं नाही, पण..."

"लांब खांब बघायला असतोय रायरे, मुका खांब वापरायला. दिसत नाही, बोलत नाही, पण जड ठेवा, गरम ठेवा, खाली बसत नाही. आधी ह्यालाच पुरं वापरा."

आणि त्यांनी मला त्या एका टाक्याच्या वाटा दाखवल्या. एका घरात दोन खांब घातले की काम पसरतं, एक घर सोडलं की आवळतं. एवढ्या दोन गोष्टींवर जग उभं आहे, असं मला काही दिवस वाटत होतं. पसरत गेलो की गोल आसन होतं. पसरून मग तसंच सरळ वर चढवलं की टोपली. वर आणून आवळलं की टोपी, आवळलं नाही आणि पट्टा लावला की पिशवी. दोरा दुहेरी घेतला की गरम भांडं उतरवायचं फडकं, जे म्हैसूरच्या प्रत्येक स्वयंपाकघरात नेहमी हरवलेलं असतं. फाटलेल्या मच्छरदाणीच्या भोकाभोवती मुके खांब घालून त्यांनी ते असं बुजवलं की डासालाही शोधावं लागलं असतं.

मग मी सुटलोच. रिमोटला अंगरखा घातला, चष्म्याला पिशवी केली, काठीला मूठ केली. खुर्च्यांच्या पायांना मोजे घातले. दारांच्या कड्यांना, पाण्याच्या बाटलीला, गॅसच्या लायटरला कपडे केले. माझं घर थंडीनं कुडकुडत असल्यासारखं दिसायला लागलं. पुट्टम्मा एक दिवस झाडू घट्ट उराशी धरून म्हणाली, "ह्याला तेवढं नको, सर." बागेतल्या मित्रांना मी कॉफीच्या गरम पेल्यांना घालायची कडी वाटली. त्यांनी ती खिशात ठेवली आणि माझ्यासमोर बसून बोटं भाजून घेत राहिले.

पण बटण अजून लागत नव्हतं. खालचं एखादं लागायचं, वरची दोन नाहीच, आणि पाडवा जवळ आला होता. एक दिवस अक्का घरी आल्या, कपाटातले माझे पाचही शर्ट काढले आणि म्हणाल्या, "कॉलरी झिजल्यात. उलटून देते. लेक यायलाय, अशा कॉलरी बघितल्या तर काय म्हणेल?" शिंप्याच्या घरची पद्धत, झिजलेली कॉलर उसवून उलट्या बाजूनं बसवायची की शर्ट आणखी काही वर्षं ओढतो. शर्ट कडक इस्त्री होऊन परत आले.

उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, सकाळी समीर सोफ्यावर बसला होता. मी आंघोळ करून आलो, कडुलिंब-गूळ खाल्ला, आणि त्याच्यासमोर उभं राहून शर्ट अंगात घातला. पहिलं बटण लागलं. दुसरं लागलं. तिसरं काजात असं शिरलं की जणू त्याला तिथंच राहायचं होतं. गळ्याचं बटण लावून मी हात खाली सोडला, तेव्हा समीर उठून उभा राहिला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाबा, ग्रेट," एवढंच म्हणाला. दोन दिवसांनी तो एकटाच परत गेला.

त्यानंतरचा आठवडा मी गावाला पळता भुई थोडी केली. बागेत, बाजारात, टपालवाल्यासमोर, मी बटणं काढून परत लावून दाखवत होतो. एका अनोळखी बाईनं रस्ता बदलला, तेव्हा थोडं आवरतं घेतलं.

गर्वाचं घर खाली म्हणतात, ते रामनवमीला आलं. अक्कांच्या मंदिरात आरती चालू होती. मी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होतो. दोन-तीन टाळ्या झाल्या आणि माझा शर्ट वरपासून खालपर्यंत उघडला. बटणं तुटली नव्हती, ती नुसती काजांतून सटकली होती. आत मी घातलेल्या बनियनला देवाच्या जाळीदार पडद्याइतकी भोकं होती. प्रसादाच्या पानकाचा, म्हणजे गूळपाण्याचा, पेला तोंडाला लावून मी घरी आलो आणि शर्ट उजेडात धरला. प्रत्येक काज दोन्ही टोकांना बारीकशी चीर देऊन वाढवलेलं होतं, आणि कड इतक्या नाजूक हातशिलाईनं बांधून घेतली होती की नुसत्या नजरेला दिसू नये. पाचही शर्टांची तीच कथा.

मी तसाच अक्कांकडे गेलो. "अक्का, ही फसवणूक आहे."

"कोणाची?" त्यांनी सुई थांबवली नाही.

"समीरची. माझी! मला वाटलं हात बरा झाला."

"भ्यायलावता तुम्ही. भीतीनं बोटं आखडतेत. काज स्वल्प मोठं केलं, भीती गेली. काय बिघडलं?"

"हे बिघडलं की मी इथं खोटं सांगून राहिलोय."

त्यावर त्यांनी सुई खाली ठेवली. "रायरे, तुम्हाला ऱ्हायचंवतं का नव्हतं?"

"होतं."

"मग साकु, पुरे तेवढं. उद्या या, आसन अर्धं ऱ्हायलंय."

मी चार दिवस गेलो नाही. पाचव्या दिवशी गेलो, कारण घरात कपडे घालायला आणखी वस्तूच उरली नव्हती. त्यांनी काही विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. पण मन खात राहिलं. समीरचा फोन आला की मला काजं आठवायची. मी कपाटातल्या शर्टांकडे नीट बघणंच सोडलं. चारचौघांत पुन्हा शोभा नको म्हणून शर्टाला आतून एक सेफ्टी पिन लावायला लागलो. अक्का अधूनमधून एखादा शर्ट मागायच्या, कधी बटण सैल झालंय म्हणून, कधी शिवण उसवलीय म्हणून. मी देत गेलो. म्हटलं, आणखी काय वाढवायचं उरलंय!

गौरी-गणपती झाले आणि एका सकाळी अक्का म्हणाल्या, "लेकीकडं चाललेय, सुधाकडं, हुबळीला. तिच्या पाठीचं ऑपरेशन झालंय, पोरं ल्हान. आता तिकडंच."

"तिकडंच म्हणजे?"

"म्हणजे तिकडंच."

मला राग आला. इतका राग मला माझ्या मनगटाचाही आला नव्हता. मी म्हणालो, "वा! मला इथं ठेवायला शर्ट फाडलेत, आणि आता तुम्हीच निघालात? मी कुणासाठी राहिलो मग?" हे शेवटचं वाक्य तोंडातून निघाल्यावर मलाच ऐकू आलं. कट्ट्यावर बसलेल्या दोन बायका एकदम आपापल्या दोऱ्यात गुंतल्या.

अक्का मात्र सहज म्हणाल्या, "तुम्हाला ओढून न्यायला आलते. मला बोलावलंय. बोलावल्यावर जायचं असतंय रायरे."

त्यांना पोचवायला मी स्टेशनवर गेलो. त्यांच्यासाठी मुक्या खांबांची एक पिशवी विणली होती. त्यांनी ती उलटून मागची बाजू बघितली आणि चष्मा, पानाचा डबा, तिकीट तिच्यात भरून ती खांद्याला लावली. गाडी वेळेवर सुटली. सगळ्या नोकरीत गाडी वेळेवर सुटल्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं.

कट्टा रिकामा झाला. बायका आपापल्या घरी विणायला लागल्या, त्यांचे रुमाल आता कुणी उसवत नव्हतं. मी माझ्या ओट्यावर विणत बसायचो, पण एकट्यानं बोलत बसलं तर लोक समीरला फोन करतील, म्हणून गप्प बसायचो. दिवाळी जवळ आली. समीर यंदा बायकोला घेऊन येतो म्हणाला. मी ठरवलं, आता पुरे. येऊ दे त्याला, खऱ्या काजांचा शर्ट घालून दाखवायचा. नाही जमलं तर नाही. मग जायचं चौदाव्या मजल्यावर.

चार शर्ट हातात आणि पाचवा अंगात, असा मी तुकारामरावांच्या दुकानात गेलो. दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी शर्ट टेबलावर ठेवले आणि शक्य तितक्या हळू आवाजात म्हणालो, "ह्यांची काजं पहिल्यासारखी बारीक करून द्या."

तुकारामरावांनी एक शर्ट उचलला, काजावरून अंगठा फिरवला, चष्मा लावून परत बघितलं. मग दुसरा, तिसरा, चौथा.

"बारीकच आहेत की," ते म्हणाले.

"अहो नाही, अक्कांनी वाढवली होती."

"हौदु. वाढवलेवते वैनीनं. तिनंच परत आवळले." त्यांनी काज माझ्या डोळ्यांसमोर धरलं. दोन्ही टोकांना जुन्या शिलाईवर नवी शिलाई होती. "एकेक करून आवळायची. आधी खालचं, मग वरचं. गळ्याचं सगळ्यात शेवटी. आषाढातच झालेत सगळे. तुम्हाला सांगू नको म्हणाली. सांगितलं की बोटं परत भितेत, म्हणाली."

मी अंगातल्या शर्टाकडे बघितलं. सकाळी दूधवाल्याशी दाराआडून भाव वाढल्याबद्दल भांडत भांडत मी तो घातला होता. गळ्याचं बटणसुद्धा लागलेलं होतं. आत ती सेफ्टी पिन होती. गेले कित्येक महिने मी रोज सकाळी ही एवढीशी पिन उघडून, दोन पदर पकडून, टोचून न घेता लावत होतो. आणि ज्या हातानं ती लावत होतो तो हात लबाड आहे, असं समजत होतो. माझ्याइतका मठ्ठ विद्यार्थी अक्कांना दुसरा मिळाला नसेल. सगळा उन्हाळा आणि पावसाळा माझ्याच हातानं मी इथं राहिलो होतो, आणि ते फक्त त्यांना माहीत होतं.

मग मला रडू आलं. ते ठरवून आलं नाही, नाहीतर मी दुकानाबाहेर तरी गेलो असतो. दोन्ही गिऱ्हाइकं छताचा पंखा बघायला लागली. माझ्याजवळ रुमाल नव्हता, म्हणून मी टेबलावरचा शर्ट उचलून त्यालाच डोळे पुसले, मिशा पुसल्या.

तुकारामरावांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. टेबलावर पसरला, ओलं होतं तिथं इस्त्री फिरवली. घडी घालायला घेतली आणि थांबले.

"बटणं मी लावू, का तुम्ही लावताय?"

"मी लावतो," मी म्हणालो.